आपलं पोर उजळ, त्यांचं पोर काळं

आमच्या आंबेगाव तालुक्यात सध्या एक चार पानी टिपण हातोहात फिरतंय. छायाचित्रणाच्या कुठल्याशा शिबिरात वाटलेलं. विषय लहान मुलांच्या कृष्णधवल व्यक्तिचित्रांचा, आणि नमुन्यादाखल घेतलेली मुलं तालुक्यातल्या डोंगरातल्या आहुपे या आदिवासी गावची. लिहिणाऱ्या गृहस्थांचं नाव मी देत नाही. ते हौशी आहेत, सज्जन आहेत, आणि मांडलेली मतं त्यांच्या एकट्याची नाहीत. पावसाळी शनिवारी डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने गाडी हाकत आहुप्याला येणाऱ्या, गळ्यात महागडा कॅमेरा अडकवलेल्या निम्म्या लोकांची मतं हीच असतात. तेव्हा हे उत्तर माणसाला नाही, मताला आहे.

टिपणाचं सार असं. रंग डोळ्यांना भुलवतो. तो काढून टाकला की मुलाचा आत्मा दिसतो. कृष्णधवल चित्र काळाच्या पलीकडचं असतं. आणि त्यात लबाडी करता येत नाही, कारण लबाडी करायला त्यात काही उरलेलंच नसतं. शेवटी आईबापांना सल्ला दिलाय, की आहुप्याच्या या चित्रांवरून शिका आणि स्वतःच्या मुलांचे फोटोही असेच काढा. हा सल्ला मी उलटा करून परत पाठवतो. आहुप्याच्या मुलाचा फोटो काढण्याआधी स्वतःच्या मुलाचा काढून बघा, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे करायला हात धजत नाही ते इथे करू नका.

मीही फोटो काढतो. राहतो मंचरला, सासुरवाड आहुप्याची, आणि माझ्या मुलीचे काळेपांढरे फोटो माझ्याकडे ढिगाने आहेत. कृष्णधवलाशी माझं वैर नाही. त्याच्या नावाने जो भोंदूपणा चालतो त्याच्याशी आहे.

लबाडीपासूनच सुरुवात करू. आजचा कॅमेरा काळापांढरा फोटो काढतच नाही. (लायकाने २०१२ साली फक्त कृष्णधवल टिपणारा कॅमेरा बाजारात आणला खरा, पण तो घेऊन आहुप्याला आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.) बाकी जवळजवळ सगळे कॅमेरे रंगच टिपतात, आणि काळंपांढरं काय व्हायचं ते बहुधा नंतर घरी, संगणकासमोर बसून ठरतं. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रंगांच्या आठ पट्ट्या असतात. लाल राखाडीच्या कोणत्या छटेत उतरवायचा, निळा कोणत्या, हिरवा कोणत्या, ते त्या पट्ट्यांवर ठरतं. माणसाच्या कातडीसाठी त्यातली नारिंगी महत्त्वाची. माणूस गोरा असो, सावळा असो की काळाभोर, त्याच्या कातडीचा मूळ रंग संगणकाच्या हिशेबात नारिंगीच्या आसपासच पडतो. पट्टी उजवीकडे सरकवली की चेहरा उजळतो, डाग-पुटकुळ्या विरून जातात. डावीकडे सरकवली की तोच चेहरा काळवंडतो, रापलेला दिसतो, प्रत्येक ओरखडा बोलू लागतो. त्यावर ‘क्लॅरिटी’ची पट्टी चढवली की मधल्या छटांतला फरक ताणला जातो आणि गालावरची धूळही कोरून काढल्यासारखी दिसते. म्हातारीच्या चेहऱ्यावर ही पट्टी सुरकुत्या शोधते. लहान मुलाला सुरकुत्या नसतात, म्हणून ती वाळलेला शेंबूड, थंडीने फुटलेले गाल आणि ओठांच्या कडेचा भाताचा कण शोधते, आणि त्यांचीच कहाणी करून टाकते.

हे आजचंच नाही. फिल्मच्या जमान्यात हे काम फिल्टरच्या काचा करायच्या. भिंगापुढे नारिंगी किंवा लाल काच धरली की चेहरा नितळ, हिरवी किंवा निळी धरली की काळपट. त्याच्याही आधी, ओल्या कलोडियनच्या काळात, काचेच्या प्लेटला मुळात निळाच उजेड दिसायचा. तांबडा-पिवळा तिच्या लेखी जवळजवळ अंधार. त्यामुळे सावळा माणूस होता त्याहून काळा उमटायचा आणि कपाळावरचं लालभडक कुंकू काळा ठिपका व्हायचं. विल्यम जॉन्सन या इंग्रजाने १८६३ आणि १८६६ साली मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातल्या कितीतरी चित्रांत माणसं एका जागी टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला आहे. रंग नसला की लबाडी होत नाही म्हणणाऱ्याने आपल्याच मुंबईतलं हे दीडशे वर्षांपूर्वीचं काम एकदा बघावं. पुढे अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्सने काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या बांधून दिल्या. ती पद्धत शिकवताना गोऱ्या माणसाचा चेहरा सहाव्या पायरीवर ठेवावा असं सांगतात, सावळा पाचव्या. म्हणजे राखाडी रंगातही कोण कुठे बसणार हे आधीच ठरवावं लागतं, आणि ठरवणारा माणूसच असतो.

आता ही नारिंगी पट्टी कोण कुठे सरकवतं ते बघा. आपल्या घरी बारशाचा फोटो असो की पहिल्या वाढदिवसाचा, स्टुडिओवाल्याला ‘जरा उजळ येऊ द्या हो’ असं सांगणारी आत्या-मावशी प्रत्येक कुटुंबात असते. बाप स्वतः फोटो काढणारा असला तर सांगायचीही गरज पडत नाही. पट्टी आपोआप उजवीकडे जाते. क्लॅरिटी शून्याच्या खाली जाते, गाल लोण्यासारखे होतात. तोच बाप रविवारी आहुप्याला येतो, पडवीत उभ्या असलेल्या पोराचा फोटो काढतो आणि सोमवारी रात्री पट्टी डावीकडे नेतो. स्वतःच्या पोराचा शेंबूड फोटोआधी पुसला जातो. आहुप्याच्या पोराचा फोटोसाठी राखला जातो. संगणक तोच, हात तोच, फक्त पोर कोणाचं ते बदललं.

दोन्ही बाजूंनी ही लबाडीच आहे. सावळ्या लेकीला गोरी करून भिंतीवर लावणाऱ्या बापाने तिला काय सांगितलं, हे तिला मोठेपणी कळेलच. पण निदान ती लबाडी मायेची आहे आणि घरात राहते. दुसरी लबाडी प्रदर्शनात जाते आणि तिला सत्य म्हणतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी मुलगी पावसाळ्यात आजोळी होती. पिवळा रेनकोट, पायात जांभळ्या रंगाचे रबरी बूट, नुकतंच जेवण झालेलं, आणि समोर मामेभाऊ चिखलात सपशेल घसरलेला. ती हसत होती. तिथे आलेल्या एका पाहुण्याने तिचा फोटो काढला. काही महिन्यांनी पुण्यातल्या एका प्रदर्शनात तो मला भिंतीवर दिसला. बूट कापलेले. रेनकोटाचा पिवळा रंग काळ्याजवळ नेलेला, त्यामुळे अंगात काहीतरी जुनाट, ओलं फडकं असावं असा भास. चेहरा दोन-तीन पायऱ्या खाली उतरवलेला आणि त्यात डोळ्यांचा पांढरा भाग तेवढा उजळलेला. खाली अभावातल्या आनंदाविषयी एक ओळ. माझ्या मुलीवर अन्याय झाला म्हणून मी चिडलो, असं कोणी समजू नये. तिच्या जागी तिचा मामेभाऊ असता, जो बारा महिने तिथेच राहतो, तरी ती ओळ तितकीच खोटी ठरली असती. तोही जेवलेला होता. त्याची फजिती चालली होती, दुःख नव्हे.

आत्म्याचा मुद्दा. रंगीत फोटोत माणसाचे कपडे दिसतात आणि काळ्यापांढऱ्यात आत्मा, अशा अर्थाचं एक वाक्य कॅनडाच्या टेड ग्रँट यांच्या नावावर जगभर खपतं. शिबिरातल्या टिपणातही ते आहेच. कपडे म्हणजे टाकाऊ गोष्ट, हे यात गृहीत धरलेलं आहे. आहुप्याला पावसात पोरं जे अंगावर घेतात ते पूर्वी पानांचं इरलं असायचं, आता बहुधा निळ्या किंवा पिवळ्या प्लास्टिकचा कागद असतो. फोटोवाल्यांना इरलं हवं असतं, प्लास्टिक नको असतं. रंग काढला की प्लास्टिकची ओळख पुसट होते. निळं पिंप दगडी रांजणासारखं दिसू लागतं. शाळेचा नवाकोरा गणवेश आणि विटलेला गणवेश यांत फरक उरत नाही. ज्या राज्यात शिधापत्रिका पिवळी की केशरी यावरून घराची परिस्थिती सांगितली जाते, तिथे रंगाला बिनकामाचा म्हणणं मोठं धाडसाचं आहे. ३० जुलै २०१४ला याच तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला. त्या दिवसांतले रंगीत फोटो आठवून बघा: हिरव्यागार डोंगरावरून खाली गावात उतरलेला मातीचा तपकिरी लोट. तो हिरवा आणि तो तपकिरी काढून टाका, मग काय घडलं ते सांगायला मथळा लागेल.

रघुवीर सिंह हे आपल्याकडचे रंगीत छायाचित्रणाचे मोठे कैवारी. १९९८ साली आलेल्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकात त्यांनी अशी बाजू मांडली, की रंग ही भारतीय नजरेची मूळ भाषा आहे आणि कृष्णधवलातला विषाद हा पश्चिमेचा. मला त्यांचं सगळं पटत नाही. रंग हाही पर्यटन खात्याच्या हाती पडला की काय होतं ते आपण बघतोच. आहुप्याच्या कड्यावरून दिसणारा सूर्यास्त आजकाल जिलबीच्या रंगाचा असतो. पण रंगाने भावना पातळ होते या समजाला उत्तर द्यायला मला सिंहांचीही गरज नाही. डिसेंबर १९८४मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बाळाचा चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. राय यांचा फोटो काळापांढरा, बार्थोलोम्यूंचा रंगीत. आणि त्या सालचं जागतिक वृत्तछायाचित्राचं सर्वोच्च पारितोषिक रंगीत फोटोला मिळालं. दोन्ही फोटो शेजारी ठेवा आणि रंगाने तुमचं लक्ष कुठे विचलित झालं ते मला सांगा. मला तर दोन्ही बघवत नाहीत.

बरं, टिपणात वाखाणलेली ती ‘डोळ्यांतली खोली’ म्हणजे काय? अनोळखी माणूस गुडघ्यावर बसतो, तोंडापुढे काळं यंत्र धरतो आणि त्याची काच पोरावर रोखतो. पोर डोळे विस्फारून त्याच्याकडे बघतं. बुबुळं मोठी, ओठ किंचित उघडे, अंग आखडलेलं. यात आत्मा वगैरे काही नाही, परक्याकडे बघणं आहे. मंचरच्या बाजारात एखादा माणूस माझ्या मुलीसमोर असा बसला तर तीही अशीच बघेल, आणि मी त्याला दोन शब्द सुनावून लेकीला कडेवर घेईन. स्वतःच्या मुलांचे फोटो काढणाऱ्याला ही नजर कधीच मिळत नाही, कारण त्याच्या मुलांना कॅमेऱ्याचा कंटाळा आलेला असतो. त्यांच्या फोटोत दुसरंच काही मिळतं: दुर्लक्ष, लाडीगोडी, ‘झालं का बाबा?’ असा त्रागा. ती ओळखीची नजर आहे. परक्या मुलाच्या फोटोत ती मिळवायची तर आधी ओळख व्हावी लागते, आणि त्याला रविवार पुरत नाही. संध्याकाळी कड्यावरून गोरखगड-मच्छिंद्रगडामागचा उजेड गाठायचा असतो ना.

मी स्वतः काळेपांढरे फोटो का काढतो, हे विचारलं जाणारच. उत्तर फारच साधं आहे. आमच्या मंचरच्या घरात खिडकीतून एक उजेड येतो आणि ट्यूबलाइटचा दुसरा. दोन्ही मुलीच्या चेहऱ्यावर एकत्र पडले की अर्धा गाल हिरवट आणि अर्धा पिवळट होतो. रंग काढला की भांडण मिटतं. आहुप्याला, सासूबाईंच्या घरी, अडचण वेगळी. पावसाळ्यात त्या घरात उजेडाला एकच वाट, दार. बाहेर धुकं, त्यामुळे दारातून येणारा उजेड मऊ आणि एका बाजूचा. मुलीला उंबऱ्यावर बसवलं तर आजी ओरडते, म्हणून उंबऱ्याच्या हातभर आत बसवायचं, दाराकडे तिरकं तोंड करून. कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर फोकस. उजेडाचं माप चेहऱ्यावरून घ्यायचं, मागच्या काळोख्या भिंतीवरून नाही. भिंतीवरून घेतलं तर कॅमेरा चेहरा पांढराफटक करतो. पहिल्या फोटोत तिच्या हातात राखाडी कार्ड देतो. ते तिला आवडतं, कारण त्याने ती मामेभावाच्या डोक्यात मारते. नंतर संगणकावर त्या कार्डावरून छटा जुळवतो आणि नारिंगी पट्टीला हात लावत नाही. उजवीकडे नाही, डावीकडेही नाही. गालावर आजीने लावलेली काजळाची तीट तशीच राहते, कपाळावरची खोक तशीच राहते. मुलगी सावळी आहे, आईवर गेली आहे, आणि फोटोतही ती सावळीच दिसते. यात आत्मा कुठे आला मला माहीत नाही. चेहरा आहे.

या फोटोंबद्दल आहुप्यातलं मत काय, हेही सांगायला हवं, कारण कृष्णधवल म्हणजे कालातीत हे तिथे कोणाला पटत नाही. मी मोठा छापून आणलेला फोटो सासूबाईंनी हातात धरला आणि परत दिला. “आवो पाव्हणं, असला फोटू मानूस गेल्यावं लावित्यात. पोरीचा कशाला केला?” त्यांचं बरोबर होतं. गावोगावी भिंतींवर अजून ज्या काळ्यापांढऱ्या तसबिरी आहेत त्यांना बहुतेक हार घातलेला असतो. बहुतेकदा कुठल्याशा जुन्या ग्रुप फोटोतून किंवा ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला चेहरा, कडा पुसट, डोळे स्टुडिओवाल्याने पेन्सिलने पुन्हा काढलेले. आपल्याकडे या रंगहीनतेला काळ आहे, आणि तो भूतकाळ आहे. जिवंत, नाचऱ्या पोराला त्यात घालणं हे आजीला अपशकुनी वाटलं, तर तिला कला कळत नाही असं म्हणण्याआधी थोडं थांबावं. मुलीचा तो फोटो मी माझ्या खोलीत लावला. आजीच्या घरात रंगीत लागला.

आणि आहुप्याची मुलं ‘काळाच्या पलीकडची’ असतात हे म्हणणं तर सगळ्यात घातक. हा प्रदेश काळाने झोडपलेला आहे. घोड नदी इथेच उगम पावते आणि खाली डिंभ्याला अडवली जाते. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते जुनं आंबेगाव त्या पाण्याखाली गेलं. १९८५ साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं, आणि लाकूडफाट्यासाठी, हिरड्यासाठी रानात जाणाऱ्या माणसाला नियमांची नवी कुंपणं आली. २००६चा वनहक्क कायदा आला, दावे भरले गेले, त्यांचे कागद आजही तालुक्याला हेलपाटे घालतात. बाळहिरड्याचा भाव कधी किती पडेल यावर एखाद्या घरची वह्या-पुस्तकं ठरतात. माणसाला काळाबाहेर उभं करण्याची ही खोड जुनीच: आठ खंडांचं ‘द पीपल ऑफ इंडिया’ १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने छापलं. देशभरच्या जातीजमातींचे नमुने, जणू कायम तसेच उभे राहणार अशा थाटात. ते खंड छापले जात होते त्याच वर्षांत, १८७३मध्ये, जांभोरीचा होन्या केंगले याच डोंगरात सावकारांविरुद्ध उठला होता. फोटोतला माणूस कालातीत होता, डोंगरातला नव्हता. तेव्हाच्या साहेबाला निदान आपण सरकारी नोंद करतो आहोत हे माहीत होतं. आजच्या पाहुण्याला वाटतं तो कविता करतोय.

आता ज्यांना टिपणात सरळसरळ हिणवलंय त्यांच्याबद्दल: ‘ताठ उभे राहून काढलेले फोटो’. आहुप्यात कोणालाही विचारून फोटो काढा, काय होतं ते ठरलेलं आहे. पोर आत पळतं. केसांना पाणी लावून भांग पाडला जातो. चांगला सदरा येतो. मग ते भिंतीला पाठ लावून, हात बाजूला सोडून, पूर्ण उंचीत, न हसता उभं राहतं. जागाही तेच निवडतं: नव्या घराची रंगवलेली भिंत, मामाची मोटारसायकल, तुळशीचं वृंदावन. फोटोवाला वैतागतो, त्याला हवी होती ती सहजता गेली. माझ्या मते त्या गावात काढला जाणारा सगळ्यात खरा फोटो हाच. आपण कसं दिसावं हे फोटोतल्या माणसाने स्वतः ठरवलेलं असतं. लग्नाच्या अल्बममध्ये आपण काय वेगळं करतो? पासपोर्टच्या फोटोला जाताना इस्त्रीचा सदरा घालणारा माणूस परक्याच्या पोराकडून मात्र विस्कटलेले केस मागतो. माझी मुलगीसुद्धा अलीकडे फोटोआधी आरशात बघून येते. मला तिचे ते फोटो सुरुवातीला कंटाळवाणे वाटायचे. तिला ते सगळ्यात आवडतात. मत तिचं, चेहरा तिचा.

इथे सॅली मॅनचं उदाहरण देणं भाग आहे, कारण स्वतःच्या मुलांची कृष्णधवल व्यक्तिचित्रं म्हटलं की तिचंच नाव निघतं. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या या बाईने मोठ्या जुन्या कॅमेऱ्यावर आपल्या तीन मुलांचे फोटो काढले आणि १९९२ साली ‘इमिजिएट फॅमिली’ हे पुस्तक केलं. मुलं अनेक फोटोंत उघडी आहेत, म्हणून गदारोळ झाला आणि तो अजून पूर्ण शमलेला नाही. मला स्वतःला त्यातले काही फोटो प्रसिद्ध करायला नको होते असं वाटतं. लहान मूल कशाला हो म्हणतंय हे त्याला कळत नसतं. पण जी बाई इतक्या शिव्या खाऊन बसली तिनेसुद्धा पुस्तक छापण्याआधी कोणता फोटो नको हे सांगायचा हक्क मुलांना दिला होता, आणि मुलांनी तो वापरलाही. पोटच्या पोरांना नकाराचा जो हक्क मिळाला, तो आहुप्याच्या कोणत्या पोराला मिळालाय? त्यांना बहुतेक वेळा फोटोच दाखवलेला नसतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर क्षणभर दाखवतात तो बहुधा रंगीत असतो. काळा नंतर होतो.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा मी स्वतःच मांडतो. सुनील जाना यांनी देशभरच्या आदिवासींची कृष्णधवल छायाचित्रं काढली. ‘द ट्रायबल्स ऑफ इंडिया’ या १९९३च्या पुस्तकात ती आहेत आणि त्यातले अनेक चेहरे कमालीचे आहेत. आपल्या सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जग काळ्यापांढऱ्यात उभं केलं आणि त्या फोटोंनी ज्यांना नाक दाबून पुढे जायची सवय होती त्यांना थांबवलं. मग हे कसं चालतं? जानांच्या काळात छपाईच काळीपांढरी होती; रंग टाकण्याचा प्रश्नच नव्हता, आणि नसलेली गोष्ट टाकल्याचं पुण्य त्यांनी कधी मागितलं नाही. ओलव्यांचे फोटो तर कालातीत असण्याच्या बरोबर उलटे आहेत. महापालिका तीच, गटार तेच, माणूस कामावर आहे आणि त्या कामाला कोणीतरी जबाबदार आहे, हे त्यांतून कळतं. दोघांच्याही कामात माणसाभोवतीचं काहीतरी शिल्लक असतं. आमच्याकडे येणाऱ्या फोटोत मागची भिंत काळी करून टाकलेली असते, म्हणजे घर गेलं, शेत गेलं, आई गेली, आणि काळोखात तरंगणारं एक मुंडकं उरलं. कृष्णधवल त्यांचंही आहे आणि या पाहुण्यांचंही. फरक काय पुसलं त्याचा आहे.

कलेवर बंधनं नकोत, असं टिपणाच्या शेवटी म्हटलंय. मान्य. मी कायदा मागत नाही, गावच्या वेशीवर कॅमेरे जमा करायलाही सांगत नाही. आहुप्यात घराघरांतून आता मुक्कामाची सोय होते, पाहुण्यांमुळे चार पैसे येतात, आणि आमच्या सासूबाईंच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन तृप्त झालेल्या माणसाने पोरांचे फोटो काढले तर कोणाला काही वाटत नाही. पण आईबापांना ‘आहुप्याकडून शिका’ असं सांगायचं असेल तर मग पूर्णच शिकू.

म्हणून टिपणकर्त्यांना माझं एक उघड आमंत्रण आहे. तुम्ही आहुप्यात काढलेल्या एका मुलाच्या फोटोला जे आकडे लावलेत, नारिंगी उणे किती, क्लॅरिटी अधिक किती, ते जसेच्या तसे तुमच्या नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोला लावा. त्याचेही बूट कापा, मागची भिंत काळी करा, डोळे उजळा. दोन्ही फोटो सारख्या आकारात छापा. घोडेगावात हॉल मी मिळवून देतो, भाडं माझं. नातवाच्या आईला उद्घाटनाला बोलवा. आणि दोन्ही फोटोंखालच्या ओळी मात्र तुम्ही लिहायच्या नाहीत. ते काम आहुप्याच्या आश्रमशाळेतल्या पोरांकडे द्यायचं. त्यांचं मराठी चांगलं आहे आणि त्यांना थट्टाही छान जमते.